एकशेवीसचा रोल आणि मराठवाड्याचं ऊन: दोन लेन्सचा जुना कॅमेरा कसा वापरावा

तालुक्याच्या गावातला एखादा जुना फोटो स्टुडिओ आवरायला काढला की कपाटाच्या तळाशी चामड्याच्या पेटीतला एक कॅमेरा निघतोच. समोर एकावर एक दोन लेन्स, माथ्यावर उघडणारं झाकण, उजव्या अंगाला घडीचं हँडल. बहुतेकदा तो यशिकामॅट असतो. क्वचित रोलीकॉर्ड, कधी चिनी सीगल नाहीतर सोव्हिएत बनावटीचा ल्युबिटेल. घरगुती वापरातला असेल तर एकाच लेन्सचा आग्फा क्लिक ३. या सगळ्यांना १२० नंबरचाच रोल लागतो. कोडॅकनं तो १९०१ मध्ये काढला आणि आजही तो नवा बनतो, त्यामुळे हे कॅमेरे शोकेसमध्ये बसवून ठेवायचं काही कारण नाही.

यशिकामॅटच्या एका रोलवर १२ चौकोनी फोटो बसतात. 'सहा बाय सहा' म्हणायची पद्धत आहे, पण निगेटिव्हवरची चौकट प्रत्यक्षात ५६ मिलिमीटरची असते. साध्या ३५ मिलिमीटर रोलच्या चौकटीच्या साडेतीन पटींहून थोडं जास्त क्षेत्रफळ. मोठ्या प्रिंटमध्ये दाणा कमी आणि करड्या छटा जास्त दिसतात त्या यामुळेच. खालचं बहुतेक सगळं यशिकामॅट १२४ जी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. १९७० ते १९८६ हा त्याचा काळ, आणि आपल्याकडे तोच जास्त नजरेस पडतो. दुसऱ्या कॅमेऱ्यात जिथं फरक पडतो तिथं तो सांगितला आहे.

रोल घालण्याआधी

कॅमेरा हातात आला की लगेच रोल घालू नका. मागचं दार उघडा, शटर १ सेकंदावर ठेवा, हँडल फिरवून शटर चढवा आणि दाबा. आतल्या छोट्या दात्यांच्या चक्राचा 'किर्रर्र' असा सलग आवाज आला पाहिजे आणि शटर साधारण सेकंदाने मिटलं पाहिजे. मध्येच अडखळलं, किंवा उघडून तसंच राहिलं, तर आतलं जुनं ग्रीस वाळलं आहे. हीच तपासणी १/२, १/४ करत खाली न्या. १/६० ते १/५०० चांगले चालत असतील तर फक्त मंद वेग बिघडलेला कॅमेरा उन्हात कामाला येतो. तपासणी डिसेंबरच्या सकाळी सहाला करता आली तर उत्तम. मे महिन्याच्या दुपारी ग्रीस पातळ होतं आणि आजारी शटरही गुण्यागोविंदानं चालतं.

दुसरं, शटरच्या पात्या. शटर 'बी'वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहणारी जागा) उघडं धरून मागून टॉर्च मारा. पात्यांवर ओलसर चमक दिसली तर तेल उतरलं आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे फार होतं: ग्रीसमधलं तेल सुटतं आणि पात्यांवर पसरतं, त्या एकमेकींना चिकटतात आणि शटर संथ होतं. यावर उपाय म्हणून शिलाई मशीनचं तेल सोडणारे महाभाग आहेत. तो थेंब सोडला की शटरचं तेरावं घालायला मोकळे. पूर्ण खोलून साफ करणारा कारागीरच गाठावा लागतो.

त्याच टॉर्चनं लेन्स बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा म्हणजे बुरशी. कडेला दोनचार असतील तर फोटोत दिसत नाहीत. सगळ्या काचेवर दुधी पडदा असेल तर मात्र उन्हाकडे तोंड केलं की फोटो फिका पडतो. वरची लेन्स फक्त चित्र बघण्यासाठी असते, फोटो खालच्या लेन्समधून पडतो, त्यामुळे वरच्या लेन्सवर बुरशी असली तरी फोटोचं काही बिघडत नाही. भाव करताना विकणारा वरचीच लेन्स दाखवतो, तुम्ही खालची बघा.

झाकणाखालच्या आरशाला कापड लावू नका. त्याचा चांदीचा मुलामा पृष्ठभागावरच असतो, कापडानं तोच निघतो. फक्त रबरी बल्बनं हवा मारा.

यानंतर खरी परीक्षा: वरच्या लेन्समध्ये जे स्पष्ट दिसतं ते खालच्या लेन्समधूनही फिल्मवर स्पष्ट पडतं का? दार उघडून फिल्म ज्या आतल्या दोन रुळांवर टेकते तिथं घासलेल्या काचेचा तुकडा, खरखरीत बाजू लेन्सकडे करून, टेकवा. काच नसेल तर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. शटर 'बी'वर, लेन्स पूर्ण उघडी म्हणजे एफ/३.५ (एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं तोंड लहान), आणि केबल रिलीजनं, म्हणजे बटणात बसणाऱ्या दाबायच्या तारेनं, शटर उघडं अडकवा. ३ मीटरवर वर्तमानपत्र टांगा, वरच्या भिंगातून मथळ्यावर फोकस करा आणि मग मागच्या काचेवर भिंग लावून तोच मथळा बघा. दोन्हीकडे एकाच वेळी धारदार दिसला तर कॅमेरा सुस्थितीत आहे. नाही दिसला तर आधी कुणीतरी लेन्स खोलून वेडीवाकडी बसवली आहे, आणि हे दुरुस्त झाल्याशिवाय रोलवर पैसे घालू नका.

१२४ जी च्या दाराच्या कडांना स्पंज असतो. एवढ्या वर्षांनी त्याचं डांबर झालेलं असतं. टूथपिक आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं खरवडून काढा आणि खाचेत काळ्या लोकरीचा पातळ धागा बसवा. लोकरीचा गुंडा कुठल्याही बाजारात मिळतो आणि स्पंजपेक्षा जास्त टिकतो.

लाइट मीटरसाठी हा कॅमेरा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल मागतो, जो आता बनत नाही. त्याच मापाचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल बसतो, पण मीटर प्रकाश जास्त दाखवतं आणि फोटो काळवंडतात. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल, निळ्या टिकलीचा, १.४ व्होल्टचा असतो. त्याच्याभोवती रबरी रिंग घातली की तो खोबणीत घट्ट बसतो. टिकली काढल्यावर तो काही आठवडे ते दोनतीन महिने चालतो, हवेवर चालत असल्यानं वापरा वा न वापरा संपतोच. खरं सांगायचं तर मोबाइलवरचं मीटर अ‍ॅप किंवा पुढं दिलेला उन्हाचा नियम या जुन्या सुईपेक्षा भरवशाचा.

रोल घालताना

सावलीत घाला. भर उन्हात असाल तर स्वतःच्या अंगाची सावली करा. आधी दाराच्या आतली दाबपट्टी बघा: तिला दोन जागा आहेत, १२ आणि २४. ती १२ वरच पाहिजे. २४ ची सोय २२० रोलसाठी होती, त्याला मागं कागद नसायचा, आणि तो रोल आता क्वचितच मिळतो. पट्टी २४ वर राहिली तर फिल्म कागदासकट चेंगरते आणि काउंटरही चुकतो.

रिकामी स्पूल वरच्या खणात, नवा रोल खालच्या खणात. कडेची बटणं बाहेर ओढून स्पूल बसवायची आणि सोडायची. रोलचा कागदी पट्टा फाडा, कागदाचं टोक वर ओढा. काळी बाजू लेन्सकडे, छापील बाजू तुमच्याकडे. टोक रिकाम्या स्पूलच्या फटीत सरळ घाला. तिरकं गेलं तर पूर्ण रोल तिरका गुंडाळला जातो आणि कडेनं उजेड शिरतो. खालच्या रोलवर अंगठ्यानं हलका दाब ठेवून हँडल फिरवा, म्हणजे कागद ताणून बसेल. ढिला रोल हे कडेच्या नारिंगी-पांढऱ्या डागांचं सगळ्यात नेहमीचं कारण. कागदावरचा बाण कॅमेऱ्याच्या कडेच्या खुणांसमोर आला की थांबा, दार बंद करा, कुलूप लावा आणि हँडल अडेपर्यंत फिरवा. काउंटरवर १ दिसेल. बाण खुणेवर न आणता घाईत दार लावलं तर पहिला फोटो कागदावर जातो नाहीतर बारावा रोलच्या बाहेर.

हँडल अडलं की जोर लावू नका. उलट फिरवून घडी करून ठेवा. रोलीफ्लेक्समध्ये पुढं आणि मग मागं अशा दोन्ही फेऱ्या पूर्ण कराव्या लागतात, मागची फेरीच शटर चढवते.

दोन सवयी लावून घ्या. १/५०० हवा असेल तर तो हँडल फिरवण्याआधी निवडा, शटर चढल्यावर त्या वेगाकडे चाक ढकललं तर आतल्या जादा स्प्रिंगवर ताण येतो. आणि सेल्फ टायमरचं दांडकं विसरून जा. ५० वर्षांचा टायमर अर्ध्यात अडकला की शटरही अडकतं, रोल आत असताना.

लाल खिडकीचे कॅमेरे, म्हणजे ल्युबिटेल, क्लिक ३ वगैरे, यांत कागदावरचा आकडा खिडकीत येईपर्यंत हळूहळू फिरवायचं असतं. खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा आणि आकडा बघताना सावलीत तेवढीच उचला, आजची फिल्म लाल उजेडालाही ओळखते. यांच्यात फिल्म पुढं सरकवल्याशिवाय शटर दाबता येतं, त्यामुळे एकावर एक दोन फोटो होतात. एकच उपाय: दाबलं की लगेच फिरवायचं. क्लिक ३ चा शटरवेग एकच आहे, त्यात ४०० ची फिल्म उन्हात फार जळते (आकडा म्हणजे फिल्मचा वेग, तो जितका मोठा तितका फिल्मला उजेड कमी लागतो). १०० ची घाला.

बारावा झाला की हँडल मोकळं फिरू लागतं. कागद पूर्ण सुटल्याचं कळेपर्यंत आणखी फिरवा. दार सावलीत उघडा, रोल सुटू न देता टोक दुमडा, डिंकाची पट्टी ओली करून किंवा सोलून आवळून लावा. रिकामी झालेली स्पूल वरच्या खणात न्या. ती टाकली तर पुढचा रोल गुंडाळायला काही नाही.

बघणं आणि धरणं

झाकण उघडलं की काचेवर चित्र दिसतं, पण डावं-उजवं उलटं. उजवीकडून येणारी बैलगाडी काचेवर डावीकडून येते. पहिले आठ दिवस रोल न घालता चौकात उभं राहून रिक्षांचा माग घ्या, हात आपोआप शिकतात. कॅमेरा वाकडा धरला असेल तर सरळ करताना हात उलटाच जातो, म्हणून काचेवरच्या रेघा दाराच्या चौकटीशी किंवा भिंतीच्या कडेशी लावून बघा.

फोकससाठी आतलं छोटं भिंग उघडा आणि डोळा त्याला भिडवा. माणसाचा फोटो असेल तर जवळच्या डोळ्यावर. ८० मिलिमीटरची लेन्स एफ/३.५ ला दीड मीटरवर जेमतेम १२ सेंटिमीटर खोलीत धारदार ठेवते: नाक ते कान. एफ/८ ला ही खोली सुमारे २८ सेंटिमीटर होते. उलट एफ/१६ ला ८ मीटरवर फोकस लावून सोडला तर ४ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं धारेवर. पैठणहून पंढरपूरकडे जाणाऱ्या पालखीच्या गर्दीत हीच मांडणी ठेवा, फोकस करत बसायला वेळ मिळत नाही.

१ मीटर ही या कॅमेऱ्याची सगळ्यात जवळची हद्द. तिथं वरच्या आणि खालच्या लेन्सच्या नजरेत फरक पडतो: काचेवर डोकं पूर्ण दिसतं, फोटोत पागोट्याचा वरचा भाग कापलेला. दोन लेन्सच्या मध्यबिंदूंमधलं अंतर पट्टीनं मोजून ठेवा आणि जवळचा फोटो घेताना फोकस लावून झाल्यावर कॅमेरा नेमका तेवढाच वर उचला.

पट्टा मानेत घालून कॅमेरा खाली ओढून ताणा, कोपरं अंगाशी, श्वास सोडताना शटर. यात आरसा हलत नाही, त्यामुळे १/३० लाही हात स्थिर राहतो. आणि एक फायदा कुणी सांगत नाही: फोटो काढताना आपली मान खाली असते, समोरच्याला नमस्कार केल्यासारखी. ओसरीवर बसलेली आजी डिजिटल कॅमेऱ्यासमोर आखडते, याच्यासमोर तेवढी आखडत नाही. मात्र ती बसली असेल तर तुम्हीही बसा. उभ्यानं कंबरेवरून काढलेला फोटो ठीक येतो, बसलेल्या माणसाला मात्र तो वरून दाबतो.

माळवदाच्या जुन्या घरात सवण्याखालचा, म्हणजे छतातल्या त्या भोकाखालचा उजेड फार देखणा असतो. माणसाला थेट झोताखाली नका बसवू, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. झोतापासून हातभर मागं, तोंड झोताकडे. ४०० ची फिल्म, एफ/४, १/३० इथून सुरुवात करा आणि मीटरनं पडताळा.

ऊन मोजणं

नियम जुनाच आहे: स्वच्छ उन्हात एफ/१६ आणि शटर फिल्मच्या वेगाइतकं. १२५ च्या फिल्मला १/१२५, म्हणजेच एफ/११ ला १/२५०, एफ/८ ला १/५००. विरळ ढगाला एक स्टॉप उघडा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), दाट ढगाला तीन, झाडाच्या मोकळ्या सावलीला तीन ते चार. नोव्हेंबर ते मे आपलं आभाळ इतकं कोरडं आणि स्वच्छ असतं की या नियमावर डोळे मिटून चालता येतं.

म्हणूनच दिवसाच्या कामाला १०० किंवा १२५ ची फिल्म बरी: एफपी ४ किंवा फोमापॅन १००. यशिकामॅटचं शटर १/५०० च्या पुढं जात नाही, ४०० ची फिल्म घातली की उन्हात तुम्ही एफ/१६ ला बांधले जाता, मागचं शिवार धूसर करणं विसरा. ४०० ची एचपी ५ किंवा ट्राय-एक्स घराच्या आतल्या कामाला, पैठणीच्या मागावर, पावसाळी दिवसाला. रंगीत हवी असेल तर पोर्ट्रा ४०० ला २०० समजून उजेड द्या, निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड सहज पचवते, कमीचा नाही.

मीटर प्रत्येक गोष्टीला मध्यम करडी समजतं, आणि मराठवाड्यात नेमक्या दोन टोकाच्या वस्तू आहेत. वेरूळचं कैलास लेणं काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेलं. सावलीतल्या त्या दगडावर मीटर धरलं तर ते जास्त उजेड मागतं आणि दगड राखेसारखा येतो, म्हणून दाखवलं त्याहून एक स्टॉप कमी द्या. बीबी का मकबरा पांढरा, तिथं मीटर घाबरून कमी उजेड सांगतं, एक ते दीड स्टॉप जास्त द्या. दोन्हीकडे चालणारी युक्ती म्हणजे तळहात: विषयावर जो उजेड पडतोय त्याच उजेडात तळहात धरा, त्यावर मोजा आणि एक स्टॉप उघडा.

वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी कैलासाचं अंगण सावलीत आणि आभाळ भगभगीत असतं, दोन्ही एका निगेटिव्हवर मावत नाहीत. हिवाळ्यात दुपारी तीननंतर जा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही आणि ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, त्यामुळे आतली चित्रं या कॅमेऱ्याच्या आवाक्यातली नाहीत. वाघूर नदीच्या पलीकडून दिसणारी लेण्यांची नालाकार रांग मात्र चौकोनात झकास बसते.

आभाळ गडद हवं असेल, विशेषतः सप्टेंबरातले कापसासारखे ढग उठून दिसायला हवे असतील, तर पिवळा फिल्टर लावून एक स्टॉप आणि नारिंगी लावून साधारण दोन स्टॉप जास्त द्या. १२४ जी ला 'बे १' मापाचा फिल्टर लागतो, आटे नसतात, वळवून अडकतो.

नळदुर्गच्या पाणी महालासारख्या अंधाऱ्या जागी काही सेकंदांचा फोटो घ्यायचा झाला तर मीटरनं सांगितलेला वेळ अपुरा पडतो, कारण मंद उजेडात फिल्मची भूक वाढते. एचपी ५ ला मीटरच्या २ सेकंदांऐवजी अडीच, ४ ऐवजी ६, १० ऐवजी २० सेकंद द्या.

उष्णता, धूळ, दमट हवा

न वापरलेले रोल फ्रिजमध्ये, सीलबंद पाकिटातच ठेवा. बाहेर काढल्यावर तासभर तरी तसेच राहू द्या, लगेच पाकीट फोडलं तर थंड फिल्मवर दव धरतं, कागद ओला होतो आणि त्यावरचे आकडे किंवा ठिपके फोटोत उमटतात. मे महिन्यात बंद गाडीत रोल ठेवणं म्हणजे तो तव्यावर ठेवणं. प्रवासात स्टीलचा डबा, त्यात सिलिका जेल, डबा कपड्यांच्या मधोमध. काढून झालेला रोल लवकर धुवा. कॅमेराही उन्हात उघडा टांगू नका, काळं कातडं तापतं आणि आतलं तेल पुन्हा पात्यांकडे निघतं.

वावटळीच्या दिवसांत रोल बदलताना दार उघडलं की रबरी बल्बनं आतला खण झटका. जून ते सप्टेंबर चामड्याची पेटी बाजूला ठेवा, ती ओल धरते आणि बुरशी तिथूनच लेन्सवर येते. हवाबंद प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेल पुरेसं. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून घ्या, पण ती कढई मग स्वयंपाकाला नको.

रोल धुणं

रंगीत रोल बाहेर पाठवलेला बरा. सी-४१ या रंगीत फिल्मच्या प्रक्रियेचा डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) ३७.८ अंशांवर ३ मिनिटं १५ सेकंद चालतो आणि त्यात पाव अंशाचाही फरक चालत नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी आयतंच त्याच्या आसपास असतं, पण 'आसपास'वर रंग बसत नाहीत. ब्लॅक अँड व्हाइट मात्र घरी धुण्यासारखा दुसरा आनंद नाही.

लागतं काय: टँक, म्हणजे उजेड न शिरणारा डबा, आणि १२० च्या रुंदीला लावता येणारं रीळ, थर्मामीटर, मोजपात्र, डेव्हलपर आणि चित्र पक्कं करणारा रॅपिड फिक्सर. चेंजिंग बॅग, म्हणजे हात घालायच्या बाह्या असलेली काळी पिशवी, असली तर छान, पण उन्हाळ्यात तिच्यात हात घामेजतात आणि फिल्म रीळात अडकते. रात्री खिडकी नसलेलं न्हाणीघर, दाराखाली सतरंजी, हे जास्त सोपं. वीज गेली की अख्खी गल्लीच डार्करूम होते, तेवढाच लोडशेडिंगचा उपयोग.

अंधारात रोल सोडताना आधी नुसता कागद येतो, मग फिल्मचं सुटं टोक हाताला लागतं. तेच रीळात घाला. शेवटी फिल्म कागदाला चिकटपट्टीनं जोडलेली असते, ती हळू सोला, झटक्यानं ओढली तर घर्षणानं ठिणगीसारखा उजेड पडतो. रीळ ठणठणीत कोरडं हवं, पावसाळ्यात आधी पंख्याखाली ठेवा. पहिला रोल फुकट जाऊ नये म्हणून एखादा जुना, मुदत संपलेला रोल उजेडात दहा वेळा चढवून बघा.

डेव्हलपर तयार मिळतो, पण डी-७६ घरी करता येतो. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानात सगळं मिळतं. साधारण ५० अंशांचं ७५० मिलिलिटर आरओचं पाणी घ्या. त्यात चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल २ ग्रॅम, मग निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. प्रत्येक गोष्ट पूर्ण विरघळल्यावरच पुढची, शेवटी पाणी घालून १ लिटर. क्रम चुकवू नका: सगळं सल्फाइट आधी घातलं तर मेटॉल विरघळतच नाही. चिमूट एवढ्यासाठी की मेटॉल तोवर हवेनं खराब होऊ नये. हातमोजे घाला, मेटॉलनं अंगाला खाज उठते. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी वापरा.

एचपी ५ ला डी-७६ सरळ वापरला तर २० अंशांवर साडेसात मिनिटं, निम्मं पाणी घालून ११ मिनिटं. पण मार्चनंतर २० अंश आणायचे कुठून? कोरड्या उन्हाळ्यात दोन उपाय आहेत: माठातलं पाणी, आणि कूलरची टाकी. रसायनांच्या बाटल्या कूलरच्या टाकीत उभ्या करा, तासाभरात चांगल्या उतरतात. पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि माठ, कूलर दोन्ही थकतात, मग बर्फाच्या पाण्यात बाटली. २३ अंशांवर थांबलात तर चालतं, वेळ पाऊण पट करा: ११ ची सव्वाआठ मिनिटं. सरळ डेव्हलपर २३ ला साडेपाच मिनिटांवर येतो, आणि पाचच्या खाली गेलं की आभाळात पट्टे पडतात. आपल्याकडे म्हणून निम्म्या पाण्याचाच डेव्हलपर करावा.

१२० च्या एका रोलला साधारण ५०० मिलिलिटर लागतं. ओतल्यावर पहिल्या १० सेकंदांत टँक चार वेळा उलटा-सुलटा करा, तळ आपटून बुडबुडे सोडवा, मग दर मिनिटाला चार वेळा. वेळ संपायच्या १० सेकंद आधी ओतायला लागा. डेव्हलपरचं काम थांबवणारं स्टॉप बाथ नसेल तर साध्या पाण्यानं खळाळा. मग फिक्सर, जुने लोक ज्याला सरसकट हायपो म्हणतात तो, १ भागाला ४ भाग पाणी, ३ ते ५ मिनिटं. फिक्सर जिवंत आहे का हे बघायला फिल्मचा एक तुकडा त्यात टाका, दुधी रंग जाऊन पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करा.

सगळ्या पाण्यांचं तापमान एकमेकांच्या दोनतीन अंशांत ठेवा. २३ च्या डेव्हलपरमधून काढून थेट ३६ अंशांच्या नळाखाली धरलं तर फुगलेला थर नखानंही खरवडला जातो.

नळाखाली अर्धा तास धुवायचं असं जुनी पुस्तकं सांगतात. ज्या लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या भागात हे शोभत नाही, आणि गरजही नाही. टँकमध्ये पाणी भरा, ५ वेळा उलटवा, ओता. पुन्हा भरा, १० वेळा. पुन्हा भरा, २० वेळा. दीड लिटरमध्ये रोल स्वच्छ. शेवटचं पाणी मात्र बोअरचं नको, त्यातले क्षार वाळून पांढरे ठिपके होतात. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घ्या, चुकून अ‍ॅसिडचा कॅन उचलू नका. त्यात वेटिंग एजंटचे, म्हणजे फिल्मवर पाण्याचे थेंब धरू न देणाऱ्या द्रवाचे, दोनतीन थेंब.

न्हाणीघरात फरशीवर पाणी मारून धूळ बसवा, फिल्म टांगा, खाली चिमट्याचं वजन, पंखा बंद. वापरलेला फिक्सर आडात किंवा झाडाच्या बुडाशी ओतू नका, त्यात चांदी उतरलेली असते.

निगेटिव्ह बघून दुखणं ओळखा

पूर्ण रोल पारदर्शक आणि कडेचे आकडेही नाहीत: डेव्हलपर मेलेला, किंवा फिक्सर आधी ओतला. आकडे आहेत पण फोटो नाहीत: शटर उघडलंच नाही. फोटो एकमेकांवर चढलेत: रोल ढिला बसला किंवा हँडल अर्धंच फिरवलं. सगळेच दाट, काळे: शटर संथ झालंय, पुन्हा पात्या बघा. काचेवर धारदार होतं आणि फोटोत मऊ: हात हलला असेल तर रेघा एका दिशेला ओढलेल्या दिसतात, फोकस चुकला असेल तर पुढची किंवा मागची दुसरी एखादी गोष्ट धारदार सापडते.

ठिपक्यांचंही तसंच आहे. प्रिंटमध्ये काळे ठिपके असतील तर धूळ फोटो काढताना कॅमेऱ्यात फिल्मवर होती, खण साफ करा. पांढरे असतील तर धूळ नंतर, वाळताना किंवा स्कॅन करताना, निगेटिव्हवर बसली आहे. ते निगेटिव्ह डिस्टिल्ड वॉटरमध्ये पुन्हा भिजवून टांगा, बहुतेक निघून जातात.